रॉड स्वतः बांधायचा आहे? मग शिकायचं कुठून आणि कुठल्या क्रमाने

मंडळी, १ जूनला यांत्रिक बोटींची बंदी लागते ती ३१ जुलैपर्यंत. या ६१ दिवसांत जाळी शिवून होतात, इंजिन उघडून होतं, आणि मग घरातली पोरं विचारतात, "गरवायचा रॉड आपणच बांधला तर?" बांधता येतो. बोटीवरचे मोडके रॉड दुरुस्त करता आले तर मालकाचेही पैसे वाचतात. अडचण एवढीच की मोबाईलवर शेकडो व्हिडिओ आहेत, आणि नवशिक्याला कुठलं आधी बघायचं तेच कळत नाही. म्हणून क्रम सांगतो.

आधी शब्द
बहुतेक साहित्य इंग्रजीत आहे, पण आठ-दहा शब्द कळले की निम्मं काम होतं. ब्लँक म्हणजे रॉडची नुसती पोकळ काठी, ग्लासची किंवा कार्बनची. गाइड म्हणजे तंगूस ओवायची कडी. टिप-टॉप म्हणजे अगदी टोकाची कडी. रील सीट म्हणजे रीळ बसवायची जागा. ग्रिप म्हणजे मूठ. बट म्हणजे मुठीकडचा जाड भाग. फेरूल म्हणजे दोन तुकड्यांचा सांधा. रॅप म्हणजे कडीच्या पायावर गुंडाळलेला दोरा. इपॉक्सी म्हणजे त्यावरचा दोन भागांचा लेप.

पहिला गुरू: मोडका रॉड
नवीन ब्लँक मागवायची घाई करू नका. घरात किंवा बोटीवर टोक मोडलेला एखादा रॉड असतोच. त्याची जुनी टिप-टॉप काढायला धातूची नळी लायटरने हलकी गरम करा आणि पक्कडीने सरळ ओढा, पिळू नका. आच धातूला द्यायची, काठीला नाही. नवीन टिप-टॉप घेताना काठीच्या टोकाची जाडी मोजा. तिच्या नळीचं माप इंचाच्या ६४व्या भागात असतं, म्हणजे ६ नंबर म्हणजे ६/६४ इंच. ती गरम करून लावायच्या डिंकानेच बसवा. सुपर ग्लू लावला तर पुढच्या वेळी काढताना काठीच फुटेल.

त्याच रॉडच्या सगळ्या कड्यांतून कापसाचा बोळा फिरवून बघा. जिथे कापूस अडकतो तिथे कडीला बारीक तडा आहे. असाच तडा तंगूस कापतो, आणि ऐन वेळी हातातला विसवण जातो. ती कडी ब्लेडने दोरा सोडवून काढा आणि नवी बांधा. एवढं जमलं की निम्मा रॉड बांधायला शिकलात.

दुसरा गुरू: गावातला जुना गरवणारा
भरीव मेसकाठी कधी तोडायची, सावलीत कशी वाळवायची, विस्तवावर धरून सरळ कशी करायची आणि दोरा स्वतःच्याच टोकावर गुंडाळून गाठीशिवाय कसा अडकवायचा, हे ज्यांना येतं त्यांच्याजवळ दोन दिवस बसा. कडी बांधायचा रॅप हीच विद्या आहे, फक्त दोरा बारीक. हलक्या रॉडला ए मापाचा दोरा, बोटीवरच्या जड रॉडला डी मापाचा. शेवटचं टोक दुसऱ्या दोऱ्याच्या फासाने गुंडाळीखालून ओढून घ्यायचं.

तिसरा गुरू: व्हिडिओ आणि पुस्तकं
आता व्हिडिओ बघा, पण एका वेळी एकच काम. अमेरिकेतली मड होल ही रॉडचं सामान विकणारी कंपनी नवशिक्यांसाठी व्हिडिओ देते, त्यात कामं क्रमाने दिसतात. आज फक्त रॅप, तो जमेपर्यंत पुढचं नको. सराव जुन्या काठीवर करा.

पुस्तकांत डेल क्लेमेन्स यांचं 'फायबरग्लास रॉड मेकिंग' (१९७४) जुनं आहे, पण हाताचं काम बदललेलं नाही. टॉम किर्कमन यांचं 'रॉड बिल्डिंग गाइड' नवशिक्याला सोपं पडतं. गॅरिसन आणि कारमायकल यांचं बांबूच्या रॉडवरचं १९७७ चं पुस्तक प्रसिद्ध आहे, पण ते बांबू चिरून सहा पट्ट्या चिकटवण्याचं बारीक काम. पहिल्या वर्षी त्याच्या वाटेला जाऊ नका. एक मात्र लक्षात ठेवा: चीनचा टोंकिन बांबू येण्याआधी परदेशातले असले रॉड आपल्याकडच्या 'कलकत्ता' बांबूचे बनत.

कड्या कुठे बसवायच्या
ढोबळ हिशोब असा की जितके फूट रॉड तितक्या कड्या, शिवाय टोकाची वेगळी. नेमकी जागा रॉडच सांगतो. कड्या चिकटपट्टीने तात्पुरत्या लावा, तंगूस ओवा, टोकाला वजन बांधून रॉड वाकवा. तंगूस रॉडच्या वाकाबरोबर गेला पाहिजे. दोन कड्यांमध्ये एकदम कोन पडला तर कडी सरकवा. रीळ वर बसणारा रॉड असेल तर तंगूस काठीला घासता कामा नये. हे बघूनच दोरा चढवा.

पावसाची अडचण
बंदीत हात मोकळे, पण हवा ओली. इपॉक्सीला हे चालत नाही. दमट हवेत लेप धुरकट होतो नाहीतर चिकट राहतो. म्हणून रॅप पावसात करा आणि लेप बंद, कोरड्या खोलीत द्या, नाहीतर उघडीप बघून. दोन्ही भाग पाकिटावर लिहिलेल्या मापाने सिरिंजने मोजा, अंदाजाने नको. माप चुकलं तर लेप कधीच वाळत नाही. लेप दिल्यावर रॉड आडवा ठेवून सारखा हळूहळू फिरवत राहायचा, नाहीतर लेप एका बाजूला ओघळतो. छोटी मोटर असेल तर उत्तम, नसेल तर घरातली माणसं पाळीने बसतात.

जिवाची काळजी
इपॉक्सी कातडीला लागून खाज आणि पुरळ उठतं, एकदा सुरू झालं की दरवेळी त्रास होतो. हातमोजे घाला, खिडकी उघडी ठेवा, तेवढ्या वेळापुरती लेपाच्या खोलीतही हवा खेळू द्या. काठी घासताना तोंडाला मास्क हवाच, ग्लास आणि कार्बनची धूळ छातीत जाते.

आणि सगळ्यात मोठं: कार्बनच्या रॉडमधून वीज वाहते. विजेच्या तारांखाली, खाडीच्या काठावर, रॉड उभा धरून चालू नका. ढग गडगडायला लागले की खडपावरून उतरा आणि रॉड खाली ठेवा. बोटीवरही तसंच, रॉड उभे खोचून ठेवू नका. स्वतः बांधलेला रॉड मोडला तर परत बांधता येतो.

तर यंदा एकच करा. मोडका रॉड माळ्यावरून काढा, टिप-टॉप बदला, एक कडी नव्याने बांधा. गरवून आल्यावर गोड्या पाण्याने धुवा आणि कडी ढिली झाली का बघा. पूर्ण हंगाम तो रॅप टिकला, की पुढच्या बंदीत ब्लँक मागवा.