गोल अडवणारा खेळाडू : जॅक चार्लटन

या वेळच्या भित्तिपत्रकासाठी गुरुजींनी 'मला आवडणारा खेळाडू' हा विषय दिला आहे. बहुतेक मुलांनी क्रिकेटचे फलंदाज घेतले. मी इंग्लंडचा एक फुटबॉल खेळाडू घेतला आहे. त्याचे नाव जॅक चार्लटन. तो गोल करण्यासाठी प्रसिद्ध नव्हता, गोल होऊ न देण्यासाठी प्रसिद्ध होता. अशा खेळाडूला बचावपटू म्हणतात.

आधी बचावपटूचे काम काय ते सांगतो. फुटबॉलच्या संघात ११ जण असतात. त्यात गोलरक्षक एकच. गोलाची चौकट २४ फूट रुंद आणि ८ फूट उंच असते. एवढी जागा एकटा माणूस कशी सांभाळणार? म्हणून त्याच्या पुढे बचावपटू उभे असतात. समोरचा चेंडू घेऊन आला की त्याच्या पायातून चेंडू काढून घ्यायचा, पण त्याला पाडायचे नाही. गोलाजवळच्या आखलेल्या चौकोनात पाडले तर पेनल्टी मिळते. मग चेंडू १२ यार्डांवर ठेवतात आणि अडवायला फक्त गोलरक्षक असतो. उंच आलेला चेंडू उडी मारून डोक्याने लांब घालवायचा, हेही बचावपटूचेच काम.

आपल्या कबड्डीत चढाई करणाऱ्याला टाळ्या मिळतात. पण पकड करणारेच नसतील तर संघ टिकेल का? तसंच हे आहे. गोल झाला की फलकावर आकडा लागतो. अडवलेल्या गोलाचा आकडा कुठेच लागत नाही.

जॅकचा जन्म ८ मे १९३५ रोजी अ‍ॅशिंग्टन या गावी झाला. हे गाव इंग्लंडच्या ईशान्येला आहे. तिथे कोळशाच्या खाणी होत्या. गावातले बहुतेक बापे खाणीतच कामाला जात. जॅकचे वडीलही खाणकामगार होते. घरी चार भाऊ, आणि चौघे एकाच पलंगावर झोपत. आईचे नाव सिसी. तिला फुटबॉलची भारी आवड. तिच्या माहेरचे पुष्कळ जण मोठ्या संघांतून खेळलेले होते. मुलांना फुटबॉल खेळायला ती स्वतः शिकवायची. हे मी आईला वाचून दाखवले तर ती हसायलाच लागली.

जॅकपेक्षा दोन वर्षांनी लहान भाऊ बॉबी. बॉबीच्या पायात जादू होती. तो मोठा खेळाडू होणार हे सगळ्यांना लहानपणीच कळले होते. जॅक उंच आणि हडकुळा. त्याच्याकडे कुणाचे फारसे लक्ष नसे. माझाही धाकटा भाऊ दुसरीत आहे आणि पळण्यात तो माझ्या पुढे असतो. पाहुणे आले की त्याचंच कौतुक चालतं. म्हणून मला जॅकची गोष्ट जास्त आवडली.

जॅक १५ वर्षांचा असताना लीड्स युनायटेड या संघाने त्याला चाचणीसाठी बोलावले. त्याने आधी नाही म्हटले आणि वडिलांसारखा तो खाणीत कामाला लागला. पण जमिनीखालचे काम किती कठीण आहे ते पाहिल्यावर थोड्याच दिवसांत त्याने ते सोडले. मग पोलिसात अर्ज केला. पोलिसांची मुलाखत आणि लीड्सचा चाचणीचा सामना एकाच दिवशी आला. जॅक सामन्याला गेला आणि संघाने त्याला ठेवून घेतले.

१९५३ साली तो लीड्सच्या मोठ्या संघातून पहिला सामना खेळला. पण गोष्ट इथे संपत नाही. पुढे कितीतरी वर्षे तो साधाच खेळाडू राहिला. तो भांडकुदळ होता, सरावात टंगळमंगळ करायचा. डॉन रेव्ही नावाचा संघातलाच एक खेळाडू त्याला म्हणाला होता, की मी व्यवस्थापक असतो तर तुला संघात घेतलेच नसते. आणि गंमत बघा, १९६१ मध्ये रेव्हीच व्यवस्थापक झाला! पण त्याने जॅकला काढले नाही. नीट मन लावून खेळलास तर इंग्लंडकडून खेळशील, असे त्याने जॅकला सांगितले. जॅकने ते मनावर घेतले.

इकडे बॉबी १९५८ सालापासूनच इंग्लंडच्या संघात होता. जॅकला ती संधी १९६५ च्या एप्रिलमध्ये स्कॉटलंडविरुद्ध मिळाली. तेव्हा त्याला तीस पुरे व्हायला एक महिना बाकी होता. त्या वयात खेळाडू निवृत्तीचा विचार करू लागतात. दोघे भाऊ त्या दिवशी एकाच संघात खेळले.

माझी निवड का केली, असे जॅकने इंग्लंडचे व्यवस्थापक आल्फ रॅम्सी यांना विचारले. ते म्हणाले, माझ्या मनात खेळाची एक पद्धत आहे, तिच्यात बसणारे खेळाडू मी घेतो. ते सगळ्यांत चांगलेच असतात असे नाही. जॅक ही गोष्ट स्वतःच हसत सांगत असे.

१९६६ साली विश्वचषक इंग्लंडमध्येच झाला. जॅक सगळे सामने खेळला. पहिल्या ४ सामन्यांत इंग्लंडवर एकही गोल झाला नाही! उपान्त्य सामना पोर्तुगालशी होता. बॉबीने दोन गोल केले. शेवटी शेवटी चेंडू गोलात जात होता तेव्हा जॅकने तो हाताने अडवला. पेनल्टी मिळाली आणि युसेबियोने गोल केला. तरी इंग्लंड २-१ ने जिंकले. दोन्ही मुले मैदानावर होती, पण वडील तो सामना बघायला गेले नाहीत. खाणीत त्यांची पाळी होती. हे वाचून माझे बाबा बराच वेळ गप्प बसले.

३० जुलै १९६६ ला लंडनच्या वेम्बली मैदानावर अंतिम सामना पश्चिम जर्मनीशी झाला. इंग्लंड २-१ ने पुढे होते. अगदी शेवटच्या मिनिटाला पंचांनी जॅकने धक्का दिला असे ठरवून जर्मनीला फ्री किक दिली. त्यातून गोल झाला आणि बरोबरी झाली. जॅकला ते पटले नाही, पण करणार काय? जादा ३० मिनिटे खेळावी लागली. इंग्लंडने आणखी दोन गोल केले आणि ४-२ असा विजय मिळवला. सामना संपल्यावर जॅक मैदानावर गुडघे टेकून बसला. तेव्हा तो ३१ वर्षांचा होता.

तो लीड्ससाठी एकूण ७७३ सामने खेळला आणि १९७३ मध्ये थांबला. एवढ्या वर्षांत त्याने संघ बदलला नाही. बचावपटू असून कॉर्नर किकच्या वेळी पुढे जाऊन त्याने ९० हून जास्त गोलही केले. पुढे तो आयर्लंडच्या संघाचा व्यवस्थापक झाला. हा संघ कधी विश्वचषकात पोहोचला नव्हता. १९९० मध्ये त्याने तो थेट उपान्त्यपूर्व फेरीपर्यंत नेला.

आता एक काळजीची गोष्ट. म्हातारपणी जॅकला विसरण्याचा आजार झाला. १० जुलै २०२० रोजी तो ८५ व्या वर्षी वारला. बॉबीलाही तोच आजार झाला. तो २०२३ मध्ये वारला. जुन्या फुटबॉल खेळाडूंना हा आजार इतरांपेक्षा जास्त होतो, असे तज्ज्ञांना आढळले आहे. डोक्याने पुन्हा पुन्हा चेंडू मारल्याने असे होते का, याचा ते शोध घेत आहेत. म्हणून २०२० पासून इंग्लंडमध्ये प्राथमिक शाळेतल्या मुलांना सरावात डोक्याने चेंडू मारायला लावू नये असे ठरले आहे. आपणही प्राथमिक शाळेत आहोत, तेव्हा चेंडू पायानेच मारावा.

यावरून मला असे वाटते, की उशीर झाला म्हणून कुणी खट्टू होऊ नये. आणि मागे उभे राहणारा कमी नसतो. दर शनिवारी मैदानात पुढे कोण खेळणार यावरून आपली भांडणं होतात, मागे उभं राहायला कुणीच तयार नसतं. या शनिवारी मागे मी उभा राहणार आहे. पालकांनी खेळ बघायला यावे. गोल झाला तर टाळ्या वाजवाव्यात आणि गोल अडवला तरी वाजवाव्यात, ही विनंती.

— इयत्ता चौथी