एक उमेदवार, अनेक मध्यस्थ : अमेरिकेतील कंत्राटी संगणक-कामाच्या संदर्भात

प्रस्तावना :

महाराष्ट्रातील अभियांत्रिकी महाविद्यालयांतून पदवी घेऊन अमेरिकेत संगणक-क्षेत्रात गेलेल्या तरुणांपैकी अनेकांचे काम कायम नोकरीच्या स्वरूपाचे नसते. ते सहा महिन्यांचे किंवा वर्षाचे, कधी केवळ तीन महिन्यांचे कंत्राट असते आणि ते मिळते मनुष्यबळ पुरविणाऱ्या एजन्सींमार्फत. अशा कामाच्या शोधात असलेला उमेदवार एकाच वेळी अनेक एजन्सींशी व्यवहार करीत असतो. जितक्या एजन्सी अधिक तितकी संधी अधिक, असे त्यास वाटते. अनुभवी मित्रही बहुधा तोच सल्ला देतात. हा समज निम्माच खरा आहे. अनेक एजन्सींकडे नाव असणे हानिकारक नाही. एकाच कंपनीकडे तेच नाव दोन वाटांनी जाऊन पोहोचणे हानिकारक आहे. आणि हे बहुतेक वेळा उमेदवाराच्या नकळत घडते. त्याचे कारण त्याच्या निष्काळजीपणापेक्षा या बाजाराच्या रचनेत अधिक आहे.

कंत्राटाची साखळी :

ज्या संस्थेस काम करून घ्यावयाचे असते, मग ती बँक असो, विमा कंपनी असो वा एखाद्या राज्य सरकारचे खाते, ती सहसा उमेदवाराशी थेट व्यवहार करीत नाही. तिने मान्यता दिलेल्या मोजक्या पुरवठादारांची यादी असते. त्यांस व्यवहारात ‘प्राइम व्हेंडर’ म्हणतात. त्यांच्याजवळ योग्य माणूस नसल्यास मागणी दुय्यम पुरवठादारांकडे जाते, तेथून आणखी खाली. साखळीच्या तळाशी उमेदवाराचा प्रत्यक्ष नियोक्ता असतो.

एच-१बी परवान्यावरील व्यक्तीच्या बाबतीत ही साखळी टाळता येत नाही. १९९० च्या कायद्याने अस्तित्वात आलेला हा परवाना विशिष्ट नियोक्त्याशी बांधलेला आहे. ज्या कंपनीने त्यासाठी अर्ज केला, तिच्याच पगारावर त्या व्यक्तीस राहावे लागते. म्हणून दुसऱ्या एजन्सीने काम मिळवून दिले तरी मोबदला त्या व्यक्तीस न मिळता तिच्या नियोक्त्याकडे येतो. या व्यवहारास ‘कॉर्प-टू-कॉर्प’ असे नाव आहे. उदाहरणादाखल, ग्राहक-कंपनीने ताशी ९० डॉलर मोजले आणि मधल्या तीन कड्यांनी प्रत्येकी १० डॉलर ठेवून घेतले, तर नियोक्त्याकडे ६० डॉलर येतात व त्यातून वेतन ठरते. मधल्या कड्या किती, हे उमेदवारास बहुधा कोणी सांगत नाही.

दुहेरी सादरीकरण :

बाजार समितीच्या आवारात शेतकऱ्याचा एकच माल दोन अडत्यांच्या गाळ्यांवर एकाच वेळी लागू शकत नाही. माणसाचा बायोडेटा मात्र एका सकाळी दहा गाळ्यांवर लागू शकतो. समजा, एखाद्या बँकेने एक जागा जाहीर केली. तीन प्राइम व्हेंडरांनी ती आपापल्या दुय्यम पुरवठादारांकडे पाठविली आणि त्यांनी पुढे. दुपारपर्यंत उमेदवारास सात-आठ दूरध्वनी येतात. प्रत्येकाच्या तोंडी जागेचे वर्णन थोडे निराळे असते, दर निराळा असतो, आणि बँकेचे नाव कोणीच घेत नाही. जागा निरनिराळ्या आहेत असे समजून तो दोघा-तिघांना होकार देतो.

ग्राहक-कंपनीच्या संगणकीय नोंदवहीत उमेदवाराची ओळख त्याच्या नावावरून, जन्माच्या दिवस-महिन्यावरून आणि पुष्कळदा सोशल सिक्युरिटी क्रमांकाच्या अखेरच्या चार अंकांवरून पटविली जाते. तेच नाव दुसऱ्यांदा आले की ते तेथे उघड होते. यापुढे दोन प्रथा आढळतात. काही कंपन्या ज्याची नोंद आधी त्याचा हक्क मानतात. अन्य काही उमेदवारासच बाद करतात. दुसरी प्रथा अन्यायकारक दिसत असली तरी तिच्यामागे हिशेब आहे. उद्या दोन एजन्सींनी एकाच माणसाच्या मोबदल्यावर हक्क सांगितला, तर त्या वादात पडण्यापेक्षा तिसरा माणूस घेणे कंपनीस स्वस्त पडते. शिवाय तोच माणूस एका वाटेने ८० व दुसऱ्या वाटेने ७२ डॉलरांस आलेला दिसल्यावर ८० डॉलर देण्यास कोण तयार होईल? कमी झालेले आठ डॉलर मधल्या कड्या सहसा आपल्या वाट्यातून सोडीत नाहीत.

दोष नेहमी उमेदवाराच्या दुहेरी होकारातच असतो असेही नाही. काम नसलेल्या, म्हणजे ‘बेंच’वरील, कर्मचाऱ्यांची ‘हॉटलिस्ट’ स्वतः नियोक्ताच शेकडो पुरवठादारांना पाठवीत असतो. तीतील नाव कोणी कोठे पुढे केले याचा पत्ता त्या कर्मचाऱ्यास मुलाखत नाकारली गेल्यावर लागतो, किंवा लागतही नाही.

नावाची गोपनीयता आणि संमतीपत्र :

या सर्व गुंत्याचे मूळ एका गोष्टीत आहे : एजन्सी ग्राहक-कंपनीचे नाव लपविते. नाव कळल्यास उमेदवार अन्य वाटेने तेथे जाईल ही तिची भीती अगदीच निराधार नाही. तिच्याजवळ विकण्यासारखी वस्तू म्हणजे ती माहितीच होय. परंतु नाव कळल्याशिवाय आपले नाव तेथे आधी गेले आहे की नाही हे उमेदवार सांगू शकत नाही. यावर काही एजन्सी उलट प्रश्न विचारतात : ‘तुमचे नाव आतापर्यंत कोठे कोठे गेले आहे?’ हा प्रश्न वरवर सावधगिरीचा वाटतो. पण त्याच्या उत्तरात कोणत्या कंपन्यांत जागा रिकाम्या आहेत याची आयती यादी असते. मुलाखतीपूर्वीच जुन्या वरिष्ठांची नावे व दूरध्वनी क्रमांक मागणे हाही पुष्कळदा त्याच शोधाचा भाग असतो. उमेदवाराने सर्व नावे सांगण्याचे कारण नाही. एजन्सीने एक नाव सांगावे आणि त्याने हो किंवा नाही म्हणावे, एवढे पुरेसे आहे.

व्यवहारात या कोंडीवर निघालेला तोडगा म्हणजे ‘राइट टू रिप्रेझेंट’ हे संमतीपत्र. ते बहुधा ई-मेलच्या दोन-चार ओळींचे असते व उमेदवार ‘मान्य’ एवढेच उत्तर देतो. वाद उद्भवल्यास ग्राहक-कंपनी याच पत्राची तारीख पाहते, म्हणून त्यातील शब्दांस महत्त्व आहे. कंपनीचे नाव, विशिष्ट जागा, ठिकाण, ताशी दर आणि संमतीची मुदत या पाच गोष्टी त्यात असतील तर ते उमेदवाराचे संरक्षण करते. ‘आमच्या सर्व ग्राहकांकडे आपले प्रतिनिधित्व करण्याचा अनन्य अधिकार’ अशा शब्दांचे पत्र मात्र त्याला अनेक दारे एकदम बंद करते, आणि मुदत नसेल तर ती किती काळ बंद राहतील हेही अनिश्चित राहते. दिलेल्या प्रत्येक संमतीची नोंद तारखेसह स्वतःजवळ ठेवणे ही साधी गोष्ट आहे. परंतु दिवसाला सात-आठ दूरध्वनी घेणारा मनुष्य ती चौथ्या दिवशी सोडून देतो.

साठ दिवसांचा प्रश्न :

ही घाई स्वभावाची नसून कायद्याने निर्माण केलेली आहे. जानेवारी २०१७ मध्ये अमलात आलेल्या नियमानुसार एच-१बी धारकाची नोकरी संपल्यास त्यास अधिकाधिक साठ दिवसांची सवलत मिळते. परवान्याची मुदत त्याआधी संपत असल्यास तेवढेच दिवस. या अवधीत नव्या नियोक्त्याने अर्ज दाखल करणे आवश्यक असते. तो दाखल होताच काम सुरू करता येते, ही २००० च्या कायद्याने दिलेली सोय आहे. परंतु त्या अर्जापूर्वी श्रम खात्याकडून वेतनविषयक दाखला घ्यावा लागतो व त्यास सात कामकाजाचे दिवस लागतात. मुलाखतींच्या फेऱ्या व कागदपत्रे यांचा काळ वजा केला तर प्रत्यक्ष शोधासाठी महिनाभर उरला तरी पुष्कळ. मुलांची शाळा, घराचा भाडेकरार, मोटारीचे हप्ते हे सर्व त्या महिन्यावर अवलंबून असते. अशा माणसाने प्रत्येकास होकार द्यावा यात नवल नाही. आणि त्याच होकारांमुळे त्याचे नाव बाद होण्याचा संभव वाढतो.

नियोक्त्याकडे काम नसले तरी त्या काळाचे वेतन द्यावेच लागते, अशी तरतूद १९९८ पासून आहे. बेंचवरील कर्मचारी त्यामुळे नियोक्त्यास रोजचा तोटा असतो, आणि हॉटलिस्टचा सढळ वापर होतो तो याच कारणाने.

सोडतीचा अनुभव :

एका माणसाचे अनेक अर्ज म्हणजे काय होते, याचे मोठ्या प्रमाणावरील उदाहरण परवान्याच्या सोडतीतच मिळाले. वार्षिक मर्यादा ६५,००० व अमेरिकी पदव्युत्तर पदवीधारकांसाठी आणखी २०,००० अशी आहे. २०२० पासून संगणकीय पूर्वनोंदणी सुरू झाली आणि तिचे शुल्क अवघे १० डॉलर ठेवले गेले. एकाच व्यक्तीसाठी अनेक कंपन्यांनी नोंदणी करणे त्यामुळे सोपे झाले. मार्च २०२३ च्या फेरीत ७,५८,९९४ पात्र नोंदण्या झाल्या. त्यांपैकी ४,०८,८९१ एकाहून अधिक नोंदण्या असलेल्या व्यक्तींच्या होत्या. एकाच नियोक्त्याने प्रामाणिकपणे नाव नोंदविलेल्या उमेदवाराची संधी अर्थातच आकसली.

मार्च २०२४ च्या फेरीपासून सोडत नोंदणीची न राहता व्यक्तीची झाली. पारपत्रावरील ओळखीने प्रत्येक व्यक्ती एकदाच मोजली जाऊ लागली, मग तिच्यासाठी कितीही कंपन्यांनी नोंदणी केलेली असो. त्या फेरीतील पात्र नोंदण्या ४,७०,३४२ होत्या व अनेक नोंदण्यांचा भाग ४७,३१४ वर आला. व्यक्तींची संख्या मात्र आदल्या वर्षी सुमारे ४,४६,००० व या वर्षी सुमारे ४,४२,०००, म्हणजे जवळपास तेवढीच होती. वाढली होती ती माणसे नव्हेत, केवळ कागद. या बदलाचा एक परिणाम विशेष लक्षणीय आहे. अनेक कंपन्यांनी नोंदविलेली व्यक्ती निवडली गेल्यास त्या सर्व कंपन्यांस तिच्यासाठी अर्ज करता येतो. कोणाकडे जावयाचे ही निवड त्यामुळे त्या व्यक्तीच्या हाती आली. कंत्राटांच्या खुल्या बाजारात अशी सर्वांस बंधनकारक मोजणी कोठेच नाही.

पुण्यातील प्रतिरूप :

हिंजवडी-खराडीच्या परिसरात कंत्राटी भरती याच धर्तीवर चालते. सोशल सिक्युरिटी क्रमांकाची जागा येथे पॅन क्रमांकाने घेतली आहे. नाव आधी गेले आहे का हे तपासण्यासाठी अनोळखी भरती-प्रतिनिधी दूरध्वनीवरच तो मागतो आणि नुकताच पदवीधर झालेला विद्यार्थी तो देऊनही टाकतो. महाविद्यालयांच्या प्लेसमेंट कक्षांत बायोडेटा कसा लिहावा याची शिबिरे होतात. तो कोणास व किती दिवसांसाठी द्यावा याची सहसा होत नाहीत. १९७० चा कंत्राटी कामगार कायदा २१ नोव्हेंबर २०२५ पासून नव्या श्रमसंहितेत समाविष्ट झाला. परंतु त्याच्या तरतुदी कंत्राटदाराने माणूस कामावर घेतल्यानंतर सुरू होतात. नाव पुढे करण्याच्या टप्प्याविषयी काही बोलू शकेल असा कायदा म्हणजे २०२३ चा डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायदा. संमती विशिष्ट हेतूपुरती असावी व ती मागे घेता यावी, असे तो सांगतो. त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिसूचित झाले असून तरतुदींच्या अंमलबजावणीसाठी टप्पे ठरविण्यात आले आहेत.