स्कूटरचें इंजिन आणि घरगुती सुधारणा

पेट्रोलचा खर्च वाढला म्हणजे स्कूटरच्या इंजिनांत कांहीं फेरफार करून पाहावा, असें गृहस्थास वाटूं लागतें. मीरा रोडच्या शांती नगरांत एखाद्या इमारतीखालीं जुनी बजाज चेतक अजून उभी असल्यास तिच्याच उदाहरणानें या विषयाचा उलगडा होईल. १९७२ सालीं निघालेल्या या गाडीचें मूळचें इंजिन टू-स्ट्रोक जातीचें. त्याच्या पिस्टनास वंगण पुरविणारी निराळी सोय नाहीं. पेट्रोलमध्येंच शेंकडा सुमारें २ भाग तेल मिसळावें लागतें. फेरफार करणारा नेमकी हीच गोष्ट विसरतो.

कार्ब्युरेटरमध्यें बारीक छिद्राचा पितळी जेट असतो. गाडी जोरांत असतां इंजिनास किती पेट्रोल मिळावें, हें मुख्यतः त्या छिद्रावर ठरतें. ‘ॲव्हरेज’ वाढावें म्हणून पुष्कळ जण मूळचा जेट काढून लहान छिद्राचा बसवितात. १ ग्रॅम पेट्रोल पुरतें जळण्यास सुमारें १४.७ ग्रॅम हवा लागते; परंतु इंजिनावर ताण असतांना पेट्रोल याहून कांहींसें अधिक ठेवावें लागतें, कारण जास्तीचें पेट्रोल वाफ होतांना उष्णता शोषून घेतें. जेट लहान केला कीं हा थंडावा जातो, आणि पेट्रोलबरोबर तेलहि घटतें. आरंभीं आठ दिवस मालक खूष असतो. पुढें एखाद्या रविवारीं, मागें पत्नी व पुढें मूल घेऊन, तो घोडबंदर रस्त्यानें गायमुखचा चढ चढूं लागला कीं तापलेला पिस्टन प्रसरण पावून सिलिंडरांत अडकूं शकतो, आणि मागचें चाक एकाएकीं जखडतें. अशा वेळीं क्लच तत्काळ दाबला तरच गाडी सांवरण्याची आशा.

दुसरा प्रकार सिलिंडरचें हेड घासून दाब वाढविण्याचा. तत्त्व खरें आहे. मिश्रण सातपटीऐवजीं आठपट दाबलें, तर आदर्श गणितानें तितक्याच पेट्रोलांत शेंकडा सुमारें ४ अधिक काम निघतें. पण एवढ्याशा लाभासाठीं इंजिन आंतून ठोके देऊं लागतें, आणि ते ठोके पिस्टनास भोंकहि पाडूं शकतात. सायलेन्सर पोकळ केल्यानें वाढतो तो मुख्यतः आवाज. शेजाऱ्यांस त्यांतून काय मिळतें, हें निराळें सांगावयास नको. शिवाय नोंदणीशीं विसंगत होतील असे फेरफार करण्यास १९८८ च्या मोटार वाहन कायद्याचें ५२ वें कलम मनाई करतें.

घरीं करण्याजोगें काम याहून साधें व अधिक फलदायी आहे. जळलेल्या तेलाची काजळी सांचून धूर सुटण्याचें द्वार अरुंद होतें. सायलेन्सर उतरवून ती लांकडी पट्टीनें खरवडावी; त्या वेळीं पिस्टनानें द्वार झांकलेलें ठेवावें, म्हणजे कचरा आंत पडत नाहीं. हवेची गाळणी स्वच्छ करावी, प्लगच्या टोंकांतील अंतर ०.६ मिलिमीटर राखावें, चाकांत हवा पुरती भरावी. केलेल्या कामाची परीक्षा प्लगच देतो. लांबचा फेरा झाल्यावर, इंजिन निवल्यानंतर, तो काढून पाहावा. टोंक बिस्किटाच्या रंगाचें असेल तर मिश्रण योग्य; काळें व ओलसर असेल तर पेट्रोल अधिक; पांढरें फटक दिसलें तर पेट्रोल कमी पडत आहे, आणि मूळचा जेट परत बसवीपर्यंत गाडी बाहेर काढूं नये.