मांजरांची शस्त्रक्रिया आणि श्रावकाचा विवेक

धान्याच्या पेढीवर आणि गोदामात मांजर नवे नाही. सांडलेल्या दाण्यांपाठोपाठ उंदीर येतात, उंदरांपाठोपाठ मांजर येते, आणि दुकानातील कोणीतरी ममतेने वाटीभर दूध ठेवतो. प्रश्न पुढच्या वर्षी उभा राहतो. मांजरी चार-सहा महिन्यांची झाली की गर्भधारणेस समर्थ होते, सुमारे नऊ आठवड्यांत विते आणि पिल्ले अंगावर पीत असतानाच पुन्हा माजावर येऊ शकते. मग बाजारात ओरड सुरू होते आणि एखादा हमाल पिल्ले पोत्यात भरून दूर सोडून येतो. ‘मारली तर नाहीत ना,’ एवढ्यावर मनाचे समाधान केले जाते.

हे समाधान पारखून घेण्याजोगे आहे. अमेरिकेतील नॉर्थ कॅरोलिना राज्यात बेवारस मांजरांच्या १६९ पिल्लांवर लक्ष ठेवण्यात आले होते. सहा महिन्यांच्या आत त्यांतील १२७ मेली किंवा नाहीशी झाली. दूर सोडलेल्या पिल्लांचे भवितव्य याहून बरे असेल, असे मानण्यास आधार नाही. शिवाय रिकाम्या झालेल्या जागी अन्न तसेच राहते, त्यामुळे थोड्याच दिवसांत दुसरी मांजरे तेथे येतात.

जीवदयेचा जुना मार्ग पांजरापोळीचा. कुत्रे मारण्याच्या सरकारी हुकुमावरून १८३२ मध्ये मुंबईत दंगल उसळली आणि १८३४ मध्ये शेठ मोतीशा व सर जमशेदजी जीजीभाई यांच्या पुढाकाराने भुलेश्वरची पांजरापोळ उभी राहिली. गाईगुरांसाठी ती रीत उत्तमच. मांजराला मात्र दाटीवाटी मानवत नाही; एकाला संसर्ग झाला की सारी पिल्ले त्याला बळी पडतात.

उरतो तो मार्ग शस्त्रक्रियेचा. पिंजऱ्यात खाद्य ठेवून मांजर पकडायचे, गुंगी देऊन नसबंदी करायची, त्याच गुंगीत डाव्या कानाचे टोक खूण म्हणून किंचित कापायचे आणि जखम भरल्यावर त्याला त्याच्याच जागी सोडायचे. खूण असली की तेच मांजर पुन्हा पकडले जात नाही. फ्लोरिडातील एका विद्यापीठाच्या आवारात १९९१ पासून हा क्रम, माणसाळलेल्या मांजरांना घरे मिळवून देण्यासह, अकरा वर्षे चालला. ६८ मांजरांची संख्या २३ वर आली.

येथेच श्रावकाचे मन अडखळते, आणि ते योग्यच आहे. अहिंसाणुव्रताचे पाच अतिचार सांगितले आहेत: बंध, वध, छेद, अतिभारारोपण आणि अन्नपाननिरोध. पिंजरा हा बंध, शस्त्र हा छेद, आणि गुंगीपूर्वीचा उपवास हा अन्नपाननिरोधच. त्याहून थेट म्हणजे, पंधरा कर्मादानांत निर्लांछनकर्म येते; जनावरांचे खच्चीकरण त्यातच मोडते. ज्या समाजाने हा धंदा पिढ्यानुपिढ्या वर्ज्य मानला, त्याने या शस्त्रक्रियेसाठी पैसा द्यावा काय?

कर्मादाने ही उपजीविकेसंबंधी आहेत. बैलाला ओझ्यास जुंपण्यासाठी खच्ची करून त्यावर पोट भरणे, हा तेथील विषय आहे. अतिचारांबाबत तर टीकाकारांनी सापेक्ष आणि निरपेक्ष असा भेदच केला आहे. निर्दयपणे नाक-कान कापणे हा निरपेक्ष छेद; गळू झाले म्हणून कापणे हा सापेक्ष. नसबंदी गळू कापण्याइतकी सरळ नाही, कारण मांजर आजारी नसते. तरीही जन्मून महिन्याभरात चाकाखाली जाणाऱ्या पिल्लांचा विचार केला, तर ती दुसऱ्या प्रकाराच्या जवळ जाते, असे म्हणण्यास जागा आहे. ज्यांना शंका उरते त्यांनी गुरुमहाराजांना विचारावे. मात्र विचारताना पोत्यातील पिल्लांची हकीकतही सांगावी.

एका बाबतीत तडजोड नसावी. गाभण मांजरीवर शस्त्रक्रिया झाली की गर्भही जातो, आणि अनेक ठिकाणी ही गोष्ट पैसे देणाऱ्याला सांगितलीही जात नाही. म्हणून आधीच डॉक्टरांना स्पष्ट सांगून ठेवावे: तपासणीत गर्भ आढळला तर मांजरी परत सोडावी, आणि ती व्याल्यावर, पिल्ले सुमारे आठ आठवड्यांची होऊन अंगावरून तुटली की तिला पुन्हा पकडावे. पिल्ले पाजणाऱ्या मांजरीलाही तोवर थांबू द्यावे. याने काम लांबते आणि एखादी मांजरी हातची निसटतेही. तो तोटा पत्करावा.

दुसरी गोष्ट घरातली. रोम शहरात मांजरांच्या १०३ वसाहतींत दहा वर्षे नसबंदी चालली, तरी लोकांनी आणून सोडलेली आणि बाहेरून येणारी मांजरे थांबेनात, म्हणून यश अपुरे राहिले. बाजारातही तेच होते. मुलांच्या हट्टाने आणलेले पिल्लू दूधभातावर वाढवले जाते. मांसाहारी प्राण्याला तो आहार पुरत नाही, ते बाहेर शिकार शोधू लागते, आणि कबुतर मारलेले दिसले की त्याच घरातून त्याची रवानगी गोदामाकडे होते.