गृहपाठातील समीकरण आणि घरातील भाषा

दिवेलागणीनंतर आपल्या मराठी घरांतून पूर्वी परवचा ऐकू येई. आता त्या वेळी आठवीतला नातू बीजगणिताची वही उघडून बसतो आणि घरातील वडील मंडळी हळूच बाजूला होतात. 'आमचे गणित मराठीतले, याचे हिंदीतले. आम्ही काय सांगणार?' असे इंदूर-ग्वाल्हेरकडील आजोबा म्हणतात. मग शिकवणी लागते. किंवा मोबाईलचा कॅमेरा वहीवर धरला की उत्तर रीतीसह पुढे उभे राहते. आजोबांनी अशी माघार घेऊ नये, असे आम्हास वाटते.

शब्दांची अडचण आहे, हे खरे. आपण ज्यास छेद म्हणतो त्यास हिंदी पुस्तक 'हर' म्हणते. आपला 'चल' तेथे 'चर' होतो. आपले शाब्दिक उदाहरण 'इबारती प्रश्न' बनते. परंतु बीजगणित, समीकरण आणि अंश हे शब्द दोन्हीकडे एकच आहेत. भास्कराचार्यांनी इ. स. ११५० मध्ये 'सिद्धान्तशिरोमणी' रचला. त्यातील 'बीजगणित' या भागात एकवर्ण व अनेकवर्ण समीकरणे आहेत. अज्ञात राशीस ते 'यावत्तावत्' म्हणत, म्हणजे 'जेवढे असेल तेवढे'. लिहिताना नुसते 'या'. आणखी अज्ञात राशी आल्या की कालक, नीलक, पीतक अशी रंगांची नावे. आज मुलांना भिवविणारा 'क्ष' तो हाच.

एक नेहमीचे उदाहरण घेऊ. पित्याचे वय पुत्राच्या तिप्पट आहे. १२ वर्षांनी ते दुप्पट होईल. तर आजची वये किती? मुलगा येथे अडतो तो आकडेमोडीत नव्हे, वाक्यात. म्हणून लेखणी उचलण्यापूर्वी त्याला प्रश्न मराठीत सांगावयास लावावे. काय माहीत नाही? पुत्राचे वय; ते क्ष मानू. मग पिता ३क्ष. बारा वर्षांनी पुत्र क्ष + १२, पिता ३क्ष + १२. आता 'दुप्पट होईल' हे वाक्य लिहिले की समीकरण आपोआप उभे राहते:

३क्ष + १२ = २(क्ष + १२)

कंस सोडविला की ३क्ष + १२ = २क्ष + २४. येथे मुले 'बाजू बदलली की चिन्ह बदलते' असा मंत्र म्हणतात. मंत्र खोटा नाही, पण त्यामागचे कारण वाण्याच्या तराजूत आहे. दोन्ही पारड्यांतून सारखेच काढले तर काटा हलत नाही. दोन्हीकडून २क्ष काढले, मग १२ काढले; क्ष = १२ उरले. पुत्र १२ वर्षांचा, पिता ३६ वर्षांचा. बारा वर्षांनी २४ आणि ४८, ताळा जमला.

ताळा पाहण्याची ही सवय लावणे, हे तर घरातल्या कोणासही जमण्यासारखे आहे. वर्गात वारंवार आढळणारी चूक अशी, की कंस सोडविताना मुले २(क्ष + १२) चे २क्ष + १२ करतात. कंसाबाहेरचा २ आतील १२ पर्यंत पोहोचतच नाही. मग उत्तर येते क्ष = ० ! पुत्र शून्य वर्षांचा, पिताही शून्य वर्षांचा! 'अरे, हे कसले बाप-लेक?' एवढे आजीने विचारले तरी मुलगा हसून स्वतःच चूक शोधू लागतो. त्यासाठी आजीला बीजगणित येण्याची गरज नाही.

तेव्हा पालकांस आमचे सांगणे एवढेच: उत्तर सांगू नका, प्रश्न विचारा. काय माहीत नाही? काय सारखे आहे? उत्तर प्रश्नात घालून पाहिलेस का? हे तीन प्रश्न रोज मराठीत विचारले गेले, तर गणित पक्के होईल, आणि शाळेत मराठी नसलेल्या मुलाला विचार करण्यासाठी मराठीचा उपयोग होईल. एरवी 'जेवायला चल' आणि 'दिवा मालव' एवढ्यावरच ती थांबते.

चाळीसगावजवळील पाटण येथे तेराव्या शतकाच्या आरंभीचा एक शिलालेख आहे. भास्कराचार्यांच्या ग्रंथांचे अध्ययन चालू राहावे म्हणून चांगदेवाने मठ स्थापल्याची नोंद त्यात आहे. हा चांगदेव भास्कराचार्यांचा नातू. आजोबांची विद्या नातवाने पुढे नेली. आपल्या घरी निदान वहीशेजारी एक पाट आजोबांसाठी मांडावयास हरकत नसावी.