स्वस्त शेगडीची सुधारणा

सातारा-सांगलीकडे घरोघर गॅसची चूल आली, तेव्हां कोळशाची शेगडी स्वयंपाकघर सोडून परसांत अथवा गच्चीवर जाऊन बसली. तथापि कृष्णाकांठचें वांगें भरितासाठीं निखाऱ्यावर भाजावें, किंवा मसाला लावलेलें मटण सळईवर शेकावें, असें मनांत आलें म्हणजे तिची आठवण होतेच. मात्र बाजारांतील स्वस्त शेगडीनें समाधान क्वचितच होतें. साल करपते, गर कच्चा राहतो आणि पदार्थ होण्यापूर्वींच कोळशाची राख होते. दोष बहुधा कोळशाच्या माथीं मारला जातो. खरा दोष पातळ पत्र्याचा व नीट न मिटणाऱ्या दाराचा असतो.

पातळ पत्रा तापला कीं उष्णता चहूंबाजूंनीं बाहेर टाकतो. भाजणारा तापतो, वांगें नव्हे! यावर उपाय घरचाच आहे. चिकणमातींत भाताचें तूस व थोडी राख कालवून शेगडीला आंतून दोन बोटें जाडीचा लेप द्यावा. तो सावलींत सावकाश वाळवावा, भेगा पडतील त्या बुजवाव्या आणि पहिला विस्तव अगदीं मंद ठेवावा. तूस जळून मातींत बारीक छिद्रें राहतात. त्यांत कोंडलेली हवा उष्णतेस अडविते. आफ्रिकेंत केनिया देशांत १९८० नंतरच्या दशकांत बाहेर पत्रा व आंत भाजलेली माती अशी शेगडी याच तत्त्वावर पसरली.

दुसरी गोष्ट वाऱ्याची. विस्तवाचा जोर कोळशाच्या ढिगापेक्षां हवेवर अधिक अवलंबून असतो. म्हणून राखेच्या कप्प्याचें दार घट्ट बसेल असें करून घ्यावें आणि वर एक भोंक पाडलेलें लोखंडी घमेलें पालथें घालावें. दार किलकिलें ठेवून निखारा मंद राखतां येतो, आणि झांकणाखालीं ऊब सर्व अंगांनीं लागते. आंब्याच्या वाळक्या लांकडाची ढलपी निखाऱ्यावर टाकल्यास धुराचा वासही पदार्थांत मुरतो. रंग दिलेलें लांकूड मात्र वर्ज्य. जस्ताचा मुलामा असलेली बादली वा घमेलेंही वापरूं नये. फार तापल्यास त्यांतून निघणाऱ्या धुरानें थंडी वाजून ताप येतो.

कोळशासाठीं झाडच तोडलें पाहिजे असें नाहीं. ऊस तुटल्यावर शेतांत पाचट उरतें, आणि पुष्कळ ठिकाणीं तें तसेंच पेटवून देतात. डॉ. आनंद कर्वे यांच्या 'आरती' या संस्थेनें पाचट बंद पिंपांत तापवून त्याचा कोळसा करण्याची रीत बसविली. या कामास २००२ सालीं लंडनचें अॅशडेन पारितोषिक मिळालें. संस्थेचें एक केंद्र सातारा जिल्ह्यांतच, फलटणला उभें राहिलें. पाचटाच्या कोळशाची भुकटी खळींत मळून वड्या पाडल्या कीं त्या शेगडींत चालतात.

एका बाबतींत सुधारलेली शेगडी जुनीहून अधिक जपून वापरावी लागते. हवा कोंडली कीं कोळसा अर्धवट जळतो आणि कार्बन मोनॉक्साइड हा विषारी वायु अधिक निघतो. त्यास रंग नाहीं, वास नाहीं. धूर संपून निखारे लाल झाले म्हणजे भय सरलें, ही समजूत घातक आहे. पावसाची सर आली म्हणून पेटती शेगडी खोलींत आणूं नये. थंडींत ऊब मिळावी म्हणून ती उशाशीं ठेवणें तर प्राणावर बेतणारें. भाजणें झाल्यावर झांकणाचें भोंक व खालचें दार बंद करून ती उघड्यावरच विझूं द्यावी. उरलेला कोळसा पुढच्या खेपेस पुन्हां पेटतो.