दोष ना गोळ्यांचा, ना आईचा

तान्हं बाळ दोन घोट दूध ओढून दमतं, कपाळावर घाम येतो, श्वास भरभर चालतो, वजन काही वाढत नाही. 'आळशी आहे गं!' असं म्हणून आपण हसतो. मैत्रिणींनो, हे हृदय थकल्याचं लक्षणही असू शकतं. अशा बाळाला लगेच डॉक्टरांकडे न्यायला हवं.

हृदय थकण्याची कारणं बरीच. त्यातलं एक फारच दुर्मीळ, अंदाजे दोन लाख गर्भारपणांत एक. बाळाच्या धमन्यांच्या भिंतीत कॅल्शियम साचतं, त्या कडक आणि अरुंद होतात आणि त्यातून रक्त ढकलता ढकलता इवलंसं हृदय हरतं. यातली जवळजवळ निम्मी बाळं सहा महिन्यांच्या आतच जातात.

आमच्या मंडळातर्फे अशाच एका घरी भेटायला गेलो होतो. बाळ सव्वा महिन्याचं होऊन गेलेलं. सासूबाई म्हणाल्या, "नऊ महिने कॅल्शियमच्या गोळ्या गिळल्या हिनं, मग नसा कडक नाही होणार तर काय!" सून मान खाली घालून बसलेली. माझ्या पोटात कालवलं.

गोळ्यांचा इथे काहीएक संबंध नाही! नको तिथे कॅल्शियम साचू नये म्हणून शरीरात पायरोफॉस्फेट नावाचा पदार्थ असतो. तोच इथे कमी पडतो. 'ईएनपीपी१' या जनुकातला बिघाड २००३ मध्ये सापडला, 'एबीसीसी६'मधला २०१२ मध्ये. आईबाप दोघंही ठणठणीत असतात. पण दोघांकडून एकेक बिघडलेली प्रत आली की बाळ आजारी. म्हणजे वाटा दोघांचा, अगदी निम्मा-निम्मा. प्रत्येक गर्भारपणात ही शक्यता २५ टक्के. नात्यातल्या लग्नात दोघांकडे तोच बिघाड असण्याचा संभव वाढतो. आणि ही सून सासूबाईंच्या सख्ख्या भावाची लेक! हे मात्र मी तिथे बोलले नाही. एकीच्या माथ्यावरचा दोष काढून दुसरीच्या माथी कशाला मारायचा?

निदानासाठी इको, सीटी स्कॅन करतात. काही बाळांना बिस्फॉस्फोनेट गटातली औषधं देतात. जगलेल्या मुलांना पुढे मुडदूस होऊ शकतो, काहींना कमी ऐकू येतं, म्हणून तपासण्या चालूच ठेवाव्या लागतात.

असं बाळ गेलं असेल, तर पुढच्या वेळी दिवस राहण्याआधीच नवरा-बायको दोघांनी जनुकीय सल्लागाराला भेटावं. दोघांनी, एकट्या तिनं नव्हे. नेमका बिघाड कळला असेल, तर अकराव्या-बाराव्या आठवड्यात वारेचा तुकडा तपासून गर्भाविषयी सांगता येतं. आणि डॉक्टरांनी दिलेल्या कॅल्शियमच्या गोळ्या या भीतीनं बंद करू नयेत.